पाटावरचा मदरबोर्ड

मुलीच्या कॉम्प्युटरचा विषय घरात निघाला की मी उठतो आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात जातो. कित्येक वर्षं हे असंच चाललं आहे. माझ्या बायकोला वाटतं, मला त्या गेमचा राग आहे. मुलीलाही तसंच वाटत असावं. मी तो गैरसमज कधी दूर केला नाही, कारण तो मला सोयीचा होता. त्या कॉम्प्युटरचं खरं काय झालं ते फक्त मला माहीत आहे, आणि ते सांगायचं मी टाळत आलो. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, जिने चढताना मधे थांबावं लागतं. हे सांगायचं राहून गेलं तर माझी मुलगी स्वतःबद्दल एक खोटी गोष्ट खरी धरून चालत राहील. म्हणून लिहायला बसलो.

पण आधी तिने तो कॉम्प्युटर निवडला कसा, ते सांगायला हवं. इतक्या नीट काही निवडणारी माणसं मी आयुष्यात फार पाहिली नाहीत.

मी मुलुंडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो. टूलरूम म्हणजे जिथे बाकीच्या कारखान्याला लागणारे साचे आणि हत्यारं तयार होतात ती खोली. माझे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले, गिरणी गेली तसे घरी बसले, आणि मी हातातल्या कामावर घर उभं केलं. त्यामुळे माणूस भेटला की मी आधी त्याचे हात बघायचो. अमक्याला हात आहे, तमक्याला नाही, असं आम्ही टूलरूमवाले एका नजरेत ठरवून टाकायचो आणि तो निकाल सहसा बदलायचो नाही.

मुलीचा निकाल मी ती शाळेत असतानाच दिला होता. माझ्या लाकडी पेटीतला मायक्रोमीटर काढून ती ग्लुकोजच्या बिस्किटाची जाडी मोजत बसली होती. मी दारातून ओरडलो, ती दचकली आणि तो फरशीवर पडला. "तुझा हात जड आहे," मी म्हटलं. "पुन्हा हत्यारांना हात लावायचा नाही." तिने पुन्हा लावला नाही. पुढे कॉमर्स केलं, अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्समध्ये लागली. घाटकोपरपर्यंत गाडी, तिथून मेट्रो, संध्याकाळी घरी. आणि जेवण झालं की गेम.

गेम ती एका जुन्या लॅपटॉपवर खेळायची. तो इतका तापायचा की खाली स्टीलचं ताट पालथं घालून त्यावर ठेवायची. तिच्यासोबत खेळणाऱ्या मुलींची एक टोळी होती, सगळ्या आपापल्या घरी बसून एकाच लढाईत. कानाला हेडफोन लावून ही ओरडायची, "मागे बघ, मागे! अगं मेलीस ना!" आतून तिची आई विचारायची, "कोण मेली गो?"

लॅपटॉपने मान टाकली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आता तयार काही घेणार नाही. मी स्वतः बांधणार."

"बांधायला तो काय पोटमाळा आहे?" मी म्हटलं.

"तसंच काहीसं समजा. एकेक भाग आणायचा आणि घरी जोडायचा. लॉकडाऊनपासून त्याचे व्हिडिओ बघतेय मी."

मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ. पण तिने सुरुवात जिथून केली तिथे माझे कान टवकारले. तिच्या ऑफिसातली मुलं म्हणायची, आधी ग्राफिक्स कार्ड घे, म्हणजे पडद्यावरची चित्रं हलवणारा तो सगळ्यात महागडा भाग, मग उरलेल्या पैशात बाकीचं बसव. हिने आधी धरला पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला लागेल तेवढीच देणारा एक ओबडधोबड डबा. तो कुणाला दिसत नाही आणि त्याचं कुणी कौतुकही करत नाही.

"यावर वाचवायला गेलं ना बाबा, तर एक दिवस हा स्वतः मरतो आणि सगळ्यांना घेऊन मरतो."

मग पॉवर सप्लायच्याही मागे जाऊन तिने घरातल्या सॉकेटपाशी बोट ठेवलं. "अर्थिंग आहे ना आपल्याकडे?" मी म्हटलं, असणारच. तिने इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने बोर्ड उघडला आणि हसायला लागला. अर्थिंगची वायर होती, पण ती कुठेच जोडलेली नव्हती, नुसती गुंडाळून आत कोंबली होती. आमच्या फ्रिजच्या हँडलला हात लावला की मुंग्या यायच्या. बायको त्याला "फ्रिजचा स्वभाव" म्हणायची आणि पदराने हँडल धरायची. मी आयुष्य यंत्रांत काढलेला माणूस, मीही पदर नाही म्हणून रुमाल वापरायचो. एकही भाग घरात यायच्या आधी मुलीने ती वायर जोडून घेतली. फ्रिजचा स्वभाव सुधारला.

त्यानंतर मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. तोंडाने मात्र काही बोललो नाही. आमच्या टूलरूमला बोलायची पद्धत नव्हती. उस्ताद तुमच्या कामाकडे बघून काही न बोलता पुढे गेला, की समजायचं चांगलं झालंय.

एके रविवारी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "बाबा, तुमचा व्हर्निअर द्याल?"

व्हर्निअर म्हणजे बारीक माप घ्यायची स्टीलची पट्टी, दोन जबडे असलेली. माझी जुनी, बोटांनी गुळगुळीत झालेली. तिला ती कशाला हवी होती, तर टेबलाखालच्या जागेत कॉम्प्युटरची पेटी, म्हणजे सगळे भाग ज्यात बसतात तो डबा, बसते का, पेटीत कार्ड लांबीला मावतं का आणि प्रोसेसरवर बसणारा पंखा उंचीला पेटीच्या दाराला टेकतो का, हे बघायला. टेबलाची जागा टेपने मोजली असती तरी चाललं असतं, पण मैत्रिणीकडून मापासाठी आणलेला एक जुना पंखा तिला मिलिमीटरच्या आत मोजायचा होता.

मी माझी लाकडी पेटी उघडून व्हर्निअर दिला आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पानाच्या कडेवरून बघत होतो. नवीन पोरं जबडे आवळतात. वस्तू चिमटीत धरल्यासारखी दाबतात आणि माप चुकतं. ते सुटायला कित्येकांना महिने लागतात. हिने अंगठा नुसता टेकवला. जबडा वस्तूला लागला तिथे थांबली, उजेडाकडे धरून फट बघितली आणि मग आकडा वाचला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मी काय म्हटलं? "झाल्यावर तेलाचं फडकं फिरव. घामाने गंजतो."

"हो बाबा," ती म्हणाली आणि फडकं फिरवून परत आणून दिला.

पेटी घ्यायला आम्ही अंधेरीला तिच्या ऑफिसजवळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सगळ्या लाइटी लावल्या. एकेक पेटी गणपतीच्या मंडपासारखी लुकलुकायला लागली. पुढून काच, आत रंग बदलणारे पंखे.

"भावासाठी घेताय का मॅडम?"

"माझ्यासाठी."

"मग ही बघा ना, झकास दिसते. सब यही लेते हैं."

"दादा, उजेडाला माझ्याकडे ट्यूबलाइट आहे," मुलगी म्हणाली. "मला एवढंच सांगा, पुढून काचेने बंद केलंय, तर हवा आत घुसते कुठून?"

त्याने बाजूच्या फटी दाखवल्या. तिने त्यात नख घालून बघितलं. "ह्यातून एवढी हवा जाणार? मे महिन्यात मुलुंडला या, मग कळेल." मग कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक साधी काळी पेटी तिने ओढून काढली. पुढे नुसती जाळी. जाळीला तळहात लावला, मागच्या पंख्याच्या जागी डोळा लावून आरपार बघितलं. "ही द्या."

दुकानदार मला म्हणाला, "काका, तुमची मुलगी गिऱ्हाईक नाही, इन्स्पेक्टर आहे." मला एवढा आनंद झाला की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

पेटी घरी आली तेव्हा बायको म्हणाली, "एवढे पैसे घालून ही कोळशाची शेगडी आणलीस? ह्याच्यापेक्षा माझा माठाचा स्टूल बरा दिसता."

"आई, शेगडी नको व्हायला म्हणूनच ही आणलीय."

ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न अवघड होता. त्या काळात नवीन कार्डांचे भाव ऐकून चक्कर यायची. कुणीतरी ओळखीतून कळवलं की बोरिवलीचा एक मुलगा आपलं कार्ड विकतोय, जवळजवळ नवीन. एकटी मुलगी अनोळखी घरी कशी जाणार, म्हणून बायकोने मला सोबत धाडलं.

मुलगा चांगल्या घरातला होता, बोलायला गोड. "ताई, मी फक्त रविवारी खेळायचो. तेही एक-दोन तास. बघा, नवंकोरं आहे."

"चालू असलेलं दाखव ना," ही म्हणाली.

त्याने एक गेम लावला. चित्र सुरेख होतं. तो म्हणाला, "बघा, मक्खन!" मला वाटलं, झालं, आता पैसे द्यायचे. मुलगी खुर्ची ओढून बसली. "चालू दे थोडा वेळ."

"किती वेळ?"

"चहा होईपर्यंत. काकू चहा ठेवतायत ना?"

त्याच्या आईने खरंच चहा ठेवला. आम्ही चहा घेतला, खारी खाल्ली, कार्ड चालू होतं. मग ती उठली आणि पेटीच्या उघड्या बाजूने हात घालून कार्डाच्या पाठीला तळहात लावला. वाकून वास घेतला. बंद करायला सांगून कार्ड बाहेर काढायला लावलं आणि स्क्रू बघितले.

कारखान्यासाठी जुनं यंत्र बघायला आम्ही जायचो तेव्हा मी हेच करायचो. विकणारा काय सांगतो ते ऐकून घ्यायचं, यंत्र तापेपर्यंत चालवायचं आणि मग बेअरिंगवर तळहात ठेवायचा. हात खोटं सांगत नाही असा माझा विश्वास होता. हे मी घरी कधीच कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"हे खेळायला नव्हतं वापरलेलं," ती त्या मुलाला म्हणाली. "दिवसरात्र चालवलंय, ते बिटकॉइनसारखे कॉइन काढून विकायला. स्क्रूंची डोकी झिजलीत, म्हणजे उघडून आतली थंड ठेवायची पेस्टही बदललीय. बरोबर?"

मुलगा त्याच्या आईकडे बघायला लागला. आई त्याच्याकडे. "अरे, तू तर म्हणालास लाइट बिल एसीमुळे येतंय!" ती माऊली म्हणाली.

जिना उतरताना मुलगी हसून हसून कठड्याला टेकली. "वाट लागली बिचाऱ्याची." मी विचारलं, "तुला वासावरून कळलं?" ती म्हणाली, "हातावरून. वास नुसता त्याला घाबरवायला घेतला."

मग तिने एक पायरी खालचं, पण नवीन कार्ड घेतलं. ऑफिसातली मुलं हसली. तिने पर्वा केली नाही. तिचं म्हणणं होतं की प्रत्येक भाग दुसऱ्याच्या जोडीचा हवा. एक घोडा आणि एक बकरी अशी गाडी जुंपायची नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, सगळं तिने असं पारखून जमवलं, आणि जमवता जमवता ती मला एकेक सांगत राहिली. मी हं हं करत होतो आणि मनात म्हणत होतो, ही टूलरूममध्ये असती तर मी हिला माझ्या शेजारचा टेबल दिला असता.

गणपती उठले आणि एकेक खोकं घरात येऊ लागलं. एका संध्याकाळी गॅलरीत ती म्हणाली, "बाबा, एक सांगू? कांदिवलीची आहे ना माझ्या टीममधली, ती म्हणतेय, तुझं उभं राहिलं की माझंही करून दे. अजून दोघी विचारतायत. शनिवार-रविवारी करता येईल. पुढे जमलं तर... बघू."

"नोकरी सोडायचा विचार आहे की काय?"

"नाही हो. पण दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवते मी. मला एकदा बघायचंय, माझ्या हातात काही आहे का." थांबून म्हणाली, "लहानपणी तुम्ही म्हणायचात ना, हात जड आहे. म्हणून आधी माझं स्वतःचं. ते उभं राहिलं तर बाकीच्यांना हो म्हणेन."

तेव्हाच सांगायला हवं होतं. व्हर्निअर धरलास तेव्हाच मला कळलं, एवढंच म्हणायचं होतं. पण मला वाटलं, दोन दिवसांवर दसरा आलाय. ती दसऱ्यालाच जोडणार आहे. चालू झालं की सांगू. त्यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?

आणि आदल्या दिवशी खंडेनवमी.

कारखान्यात खंडेनवमीला आम्ही यंत्रं रॉकेलने पुसून लख्ख करायचो आणि हत्यारांची पूजा करायचो. आमच्या उस्तादांची एक शिस्त होती. यंत्राच्या अंगावर कुठेही कुंकू लावायचं नाही. जिथे काम होतं त्या जागेलाच लावायचं. लेथ असेल तर जिथे जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, धरला जातो तिथे, ड्रिल असेल तर जिथे बिट बसतं तिथे. "पूजा पत्र्याची नाही करायची," ते म्हणायचे. रिटायर झाल्यावरही मी घरी पाट मांडून माझी हत्यारं त्यावर ठेवत आलो. व्हर्निअर, मायक्रोमीटर, कानशी. आणि कानशीला कुंकू दातांवर.

त्या दिवशी मुलगी ऑफिसला गेली होती, बायको भांडुपला बहिणीकडे. मी पाट मांडला, रांगोळीच्या दोन रेघा ओढल्या. हत्यारं ठेवली. बाजूला मुलीची खोकी होती. माझ्या मनात आलं, यंदा हिची हत्यारं माझ्या हत्यारांशेजारी बसवायची. घरी आल्यावर तिला दिसेल. बोलायची गरजच उरणार नाही. मला ती कल्पना इतकी आवडली की मी एकटाच हसलो.

तिच्याकडूनच शिकलो होतो, की अंगातली स्थिर वीज या भागांना मारते, म्हणून आधी लोखंडाला हात लावायचा. मी खिडकीच्या गजाला हात लावला. मग मदरबोर्डचं खोकं उघडलं, म्हणजे बाकीचे सगळे भाग ज्या पाटीवर बसतात तिचं. पिशवीतून तो काढून पाटावर ठेवला. मधोमध प्रोसेसर बसायची चौकोनी जागा, वर काळं झाकण, बाजूला एक बारीक दांडी. दांडी म्हटल्यावर फिटरला सांगावं लागत नाही. मी ती दाबून बाजूला सरकवली, झाकण वर झालं.

आत सोन्याचं शेत होतं. केसाहून बारीक पिना, ओळीत, सगळ्या एका बाजूला कललेल्या. इतकं बारीक काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. हात जोडावे असं वाटलं. जिथे काम होतं ती जागा हीच, यात शंका नव्हती. चौकटीच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवायचं, एवढाच माझा विचार होता. अनामिका टेकवली, आणि ओल्या बोटाला चिकटलेला अक्षतेचा एक दाणा सुटून पिनांमध्ये पडला.

मी घाबरलो नाही. घाबरलो असतो तर बरं झालं असतं. मऊ मलमलचं फडकं घेतलं, त्याच्या टोकाने दाणा उचलायला गेलो. दाणा निघाला. फडकं निघेना. एक धागा अडकला होता. मी हळूच ओढला आणि बोटाला ते कळलं, माशाचा काटा निघतो तसं काहीतरी. भिंग डोळ्याला लावून बघितलं तर कोपऱ्यातल्या काही पिना आडव्या झाल्या होत्या.

तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी टूलरूमचा माणूस. सुई आणली. वाटलं, सरळ करतो, कुणाला कळणारही नाही. पहिली पिन उभी राहिली. दुसरीला सुई लावली आणि माझा हात थरथरला. भिंगातून मला तो कुणा दुसऱ्याचा हात वाटला. सुई घसरली आणि शेजारच्या पिना वाकल्या. मी सुई खाली ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा थरथरला. मग मी कडेचं कुंकू पुसून काढलं, झाकण लावलं, दांडी अडकवली, मदरबोर्ड पिशवीत, पिशवी खोक्यात, खोकं होतं त्या जागी. पाटावर फक्त माझी हत्यारं राहिली.

संध्याकाळी मुलगी आली. पाटाला नमस्कार केला आणि म्हणाली, "माझी खोकी पण ठेवायची ना बाबा." मी म्हटलं, "उद्या दसऱ्याला तू करणारच आहेस की." माझा हात गेला, हे मला माझ्याच तोंडाने म्हणायचं नव्हतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हातांचे निकाल दिले होते. आणि एक वेडी आशा होती, की असतील इतक्या पिना, चार-सहा गेल्या तर चालून जाईल.

दसऱ्याला तिने आंघोळ करून, केस बांधून, जमिनीवर चादर अंथरली आणि जोडायला बसली. दारावर झेंडूचं तोरण, आत पुरीचा वास. मी खुर्चीवर होतो. तिने प्रोसेसर कडेने धरला, जागेवर ठेवला. ठेवला म्हणजे नुसता सोडला, जसं झोपलेलं मूल गादीवर ठेवतात. दांडी खाली केली. पंखा बसवताना स्क्रू तिने समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले, एकदम एक नाही. वायरी पेटीच्या पाठीमागून अशा नेल्या की पुढून एकही दिसेना. असं सुंदर काम माझ्या हाताखालच्या एकाही पोराने केलं नव्हतं.

बटण दाबलं. पंखे फिरले. बायकोने टाळी वाजवली. पडदा काळाच राहिला.

तिने मेमरी काढून पुन्हा बसवली. वायरी तपासल्या. जेवण गार झालं. शेवटी प्रोसेसर काढला, मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, मोठा करून बघितला आणि मोबाइल चादरीवर उलटा ठेवला.

"पिना वाकल्यात," ती म्हणाली. "मी वाकवल्या. ठेवताना हलला असणार माझ्याकडून."

"असांदे गो बाय," बायको म्हणाली. "यंत्रच ता."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. काय बाहेर पडलं ते मला आजही ऐकू येतं. मी म्हटलं, "होतं असं पहिल्यांदा."

माझी चूक मी तिच्या नावावर टाकली आणि वर तिला क्षमा केली.

घाटकोपरला एक दुरुस्तीवाला सापडला. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पिना सरळ केल्या, सगळं त्याच्याच दुकानात जोडून दिलं. कॉम्प्युटर चालू झाला, आणि असा चालला की विचारू नका. उन्हाळ्यात आम्ही घामाने निथळत असायचो आणि ती काळी पेटी थंड, आवाज नाही. दुरुस्तीवाला म्हणाला होता, "पार्ट कोणी निवडलेत? एक नंबर." तिने निवडलेला एकही भाग आजवर बदलावा लागलेला नाही. ती खेळायला बसली की मी मागे उभा राहून बघायचो. डोंगरांवरून धुकं उतरायचं, पाण्यात झाडं हलायची, आणि मला अभिमान वाटायचा. त्याच्यामागोमाग दुसरंही काहीतरी यायचं.

पण पेटीचं दार तिने पुन्हा उघडलं नाही. कांदिवलीच्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. "नाही गं, माझ्याच्याने नाही होणार," ती म्हणाली. "काय घ्यायचं ते सांगते हवं तर. जोडायला दुसऱ्याला दे. माझा हात जड आहे यार, आमच्या बाबांना विचार." आणि माझ्याकडे बघून हसली. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाणी प्यायला उठलो.

आता ती लग्न होऊन बोरिवलीला असते. कॉम्प्युटर सोबत नेला. मागच्या खंडेनवमीला मी ठरवून तिच्याकडे गेलो. मेट्रोत सबंध वाटभर एकच वाक्य मनात घोळवत होतो. पिशवीत व्हर्निअर होता, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. तो तिच्या हातात द्यायचा आणि वाक्य म्हणायचं, असं ठरवलं होतं.

तिने फडकं सोडलं. "हा मला? बाबा, माझ्या हातून पडेल हो."

"ठेव तुझ्याकडे."

तिने पाट मांडला. व्हर्निअर ठेवला, कुंकू लावलं. कुठे लावलं, तर जबड्यांना. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. लहानपणी माझ्या पाटाशी बसून बघितलं असणार. मग उठून काळ्या पेटीला हळद-कुंकू लावलं, वरच्या पत्र्यावर. "ह्याचा मागचा पंखा घरघर करतोय," म्हणाली. "माणूस येणारे उद्या."

"चार स्क्रूंचं काम आहे गं. तू करशील."

"नको बाबा. माहितीय ना तुम्हाला."

ती माझ्यासमोर बसली होती, चहाचा कप हातात, व्हर्निअर आमच्या दोघांच्या मधे. जावई अजून यायचा होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "साखर जरा जास्त झालीय." ती हसली, कप घेऊन आत गेली, आणि मी ते वाक्य तसंच मनात घेऊन मुलुंडला परतलो.

म्हणायचं होतं ते एवढंच होतं. बाळा, त्या पिना खंडेनवमीला मी वाकवल्या, माझा हात थरथरला म्हणून. तुझ्या हातात मी जे पाहिलं ते मला माझ्या हातातही कधी दिसलं नव्हतं. मी गप्प बसलो. मला माफ कर.